एका सहीची सत्ता आणि सभागृहाचा शेवटचा शब्द

विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर राज्यप्रमुखाची सही झाल्याखेरीज त्याचा कायदा होत नाही, हा नियम बहुतेक राज्यघटनांत आढळतो आणि ही सही नाकारण्याच्या अधिकाराला नकाराधिकार म्हणतात. असा अधिकार असावा की नसावा यापेक्षा पुढचे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. सही नाकारली गेली तर लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला तो नकार कोणत्या मार्गाने मोडून काढता येतो, हा पहिला प्रश्न. आणि सही दिलीही नाही व नाकारलीही नाही, विधेयक नुसतेच ठेवून दिले, तर सभागृहाने काय करावे, हा दुसरा. भारताने पहिल्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेत लिहून ठेवले. दुसऱ्याचे उत्तर अद्याप लिहिले गेलेले नाही. हा इतिहास प्रामुख्याने दिल्लीच्या सभागृहांत घडला असला तरी त्याची सर्वांत तीव्र झळ ज्या शहरांना बसली त्यांत सोलापूरचा क्रम वरचा आहे, कारण १९३० मध्ये आणि पुन्हा १९५० मध्ये या एका शहरासाठी देशाच्या प्रमुखाने स्वतःच्या सहीने कायदा केला. शहरातले चार हुतात्म्यांचे पुतळे आणि जुन्या मिलचे आवार ही दोन ठिकाणे या इतिहासाचे दोन टप्पे आहेत.

ज्या इंग्लंडने भारताला संसदीय पद्धतीची ओळख करून दिली, त्या देशात राजसत्तेने संसदेच्या विधेयकाला शेवटचा नकार १७०८ मध्ये दिला होता. राणी ॲनने स्कॉटलंडच्या नागरी सेनेसंबंधीचे विधेयक नाकारले, तेही मंत्र्यांच्या सल्ल्याने, आणि त्यानंतर तो अधिकार तेथे वापरला गेला नाही. तेथे निरुपयोगी झालेला हा अधिकार अमेरिकेने पुढे नव्या स्वरूपात जिवंत केला, मात्र त्याला दोन बंधने घातली. राष्ट्राध्यक्षाने रविवार वगळून दहा दिवसांत निर्णय घ्यावा, न घेतल्यास आणि काँग्रेसचे अधिवेशन चालू असल्यास विधेयक आपोआप कायदा व्हावे. आणि त्याने विधेयक परत पाठवले तर दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत करून त्याच्या सहीवाचून कायदा करावा. हा दुसरा मार्ग प्रथम ३ मार्च १८४५ रोजी यशस्वी झाला, जेव्हा जॉन टायलर यांचा नकार काँग्रेसने त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवसांत मोडून काढला. तेथेही एक फट राहिलीच. दहा दिवस पुरे होण्याआधी अधिवेशन संपले तर सही न केलेले विधेयक आपोआप मरते आणि सभागृहाला ते मोडून काढण्याची संधीच मिळत नाही. कागद खिशात ठेवून दिल्यासारखा हा नकार असल्याने त्याला ‘पॉकेट व्हेटो’ हे नाव पडले.

भारतात ब्रिटिशांनी १९१९ च्या कायद्याने जी मध्यवर्ती विधानसभा निर्माण केली, तिच्यात निवडून आलेल्या सदस्यांचे बहुमत होते, परंतु शेवटचा शब्द तिचा नव्हता. गव्हर्नर जनरल, म्हणजेच व्हॉइसरॉय, विधेयकाला अनुमती नाकारू शकत असे, ते पुनर्विचारासाठी परत पाठवू शकत असे, सम्राटाच्या निर्णयासाठी राखून ठेवू शकत असे. इंग्लंडमध्ये दोनशे वर्षे न वापरलेले हत्यार येथे रोजच्या वापरासाठी ठेवलेले होते. त्याहून कठोर म्हणजे त्याला उलट दिशेचा अधिकारही दिलेला होता: सभागृहाने फेटाळलेले विधेयक राज्याच्या सुरक्षिततेसाठी, शांततेसाठी किंवा हितासाठी आवश्यक आहे असे तो प्रमाणित करी आणि मग ते सभागृहाच्या इच्छेविरुद्ध कायदा होई. याला प्रमाणन म्हणत. अमेरिकेत सभागृह राष्ट्राध्यक्षाचा नकार मोडत असे. भारतात व्हॉइसरॉय सभागृहाचा नकार मोडत असे.

१९२३ मध्ये या अधिकाराचा अर्थ देशाला कळला. अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी सरकारने मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेण्याचे ठरवले, विधानसभेने ते नाकारले आणि व्हॉइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी प्रमाणनाने दुप्पट कर बसवला. पुढच्याच वर्षी तो पूर्ववत सव्वा रुपयावर आणावा लागला, पण ज्या मिठासाठी १९३० मध्ये देश रस्त्यावर उतरला, त्या मिठाच्या प्रश्नावर लोकप्रतिनिधींचे मत सात वर्षे आधी घेतले गेले होते आणि एका सहीने ते रद्दही झाले होते, ही गोष्ट सविनय कायदेभंगाचा इतिहास सांगताना सहसा राहून जाते.

सभागृहाने यावर स्वतःच्या नियमांतून प्रतिकार उभा केला, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने विठ्ठलभाई पटेल यांना जाते. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात घडलेले आणि मुंबई महापालिकेचे प्रमुखपद भूषवलेले विठ्ठलभाई १९२५ मध्ये मध्यवर्ती विधानसभेचे पहिले निर्वाचित अध्यक्ष झाले. सप्टेंबर १९२८ मध्ये परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्याचा अधिकार देणारे सार्वजनिक सुरक्षा विधेयक मतास आले तेव्हा दोन्ही बाजूंना ६१-६१ मते पडली आणि विठ्ठलभाईंनी आपले निर्णायक मत विरोधात टाकून ते पाडले. सरकारने १९२९ मध्ये ते पुन्हा आणले, पण मधल्या काळात, मार्चमध्ये, कम्युनिस्टांवरील मेरठ कटाच्या खटल्यासाठी देशभर धरपकड झाली होती आणि त्यात डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारीही होते. विधेयकामागची कारणे आणि खटल्यातील आरोप एकच असल्याने न्यायप्रविष्ट गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून चर्चा होणे अशक्य आहे, तेव्हा सरकारने एक तर खटला मागे घ्यावा किंवा विधेयक पुढे ढकलावे, असे विठ्ठलभाईंनी सुचवले. सरकारने दोन्ही नाकारले. ८ एप्रिल रोजी अध्यक्ष आपला निर्णय देण्यास उभे राहत असतानाच भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून बाँब टाकले. ११ एप्रिल रोजी विठ्ठलभाईंनी विधेयक नियमबाह्य ठरवले. त्यानंतर काही दिवसांतच तेच विधेयक वटहुकूम म्हणून अमलात आले.

वटहुकूम म्हणजे विधिमंडळाला न विचारता प्रमुखाच्या सहीने अमलात येणारा कायदा. १९१९ च्या व्यवस्थेत त्याचे आयुष्य सहा महिन्यांचे असे आणि तो सभागृहापुढे मंजुरीसाठी मांडण्याचे बंधन नसे. प्रमाणनात निदान सभागृहाचा नकार नोंदला जात असे, वटहुकुमात तोही प्रसंग येत नसे. १९२९ च्या सप्टेंबरात सरकारने आणखी एक विधेयक आणले होते: उपोषणामुळे आरोपी न्यायालयात येण्यास असमर्थ झाला तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची मुभा त्यात मागितली होती आणि रोख उघडच लाहोर तुरुंगात उपोषणास बसलेल्या भगतसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांवर होता. याच दिवसांत जतीन दास यांनी उपोषणात देह ठेवला. मोतीलाल नेहरू आणि जिना यांच्यासारख्यांनी सभागृहात कडाडून विरोध केला आणि विधेयक लोकमतासाठी पाठवण्यात आले. सभागृहाने न दिलेली मुभा व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी लाहोर कट खटल्याच्या वटहुकुमाने स्वतः घेतली. तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण, आरोपींच्या गैरहजेरीत सुनावणी आणि उच्च न्यायालयात अपिलाची बंदी, अशी त्याची रचना होती. ७ ऑक्टोबरला भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे राजगुरू यांना त्याच न्यायाधिकरणाने फाशीची शिक्षा सुनावली. हा १९३० मधला तिसरा वटहुकूम होता. चौथा सोलापूरचा.

गांधीजींच्या अटकेची बातमी मे १९३० च्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात पोहोचली तेव्हा शहर गिरणी कामगारांचे होते, नगरपालिकेने राष्ट्रध्वज फडकावलेला होता आणि हरताळाला सुरुवात झाली होती. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, जिल्हाधिकारी नाइट यांच्या उपस्थितीत गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे या तरुणासह अनेकांचे बळी गेले. चिडलेल्या लोकांनी न्यायालयाची इमारत आणि पोलीस चौक्या पेटवल्या, मंगळवार पेठेच्या चौकीतील पोलिसांचा जीव गेला, सरकारी यंत्रणेने शहरातून माघार घेतली आणि पुढचे काही दिवस सोलापूरचा बंदोबस्त सोलापूरकरांनी स्वतः सांभाळला. १२ मे रोजी लष्कर आले आणि लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत टिकला.

येथे कायद्याच्या बारकाव्याकडे लक्ष देणे आवश्यक आहे, कारण त्यातच या प्रकरणाचे घटनात्मक महत्त्व आहे. लष्करी कायदा हा लिहिलेला कायदा नसतो. नागरी सत्ता कोलमडल्यावर सुव्यवस्था परत आणण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याची ती मुभा असते आणि त्या काळात अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांची वैधता नंतर न्यायालयात तपासली जाऊ शकते. सोलापुरात १२ मेपासून लष्करी अधिकारी नियम काढत होते, राष्ट्रध्वज बाळगल्याबद्दल माणसांना शिक्षा होत होती, पुढारी तुरुंगात जात होते. या सर्वाला कायद्याचा आधार मिळाला तो तीन दिवसांनी, १५ मे रोजी, आयर्विन यांच्या वटहुकुमाने. नियमभंगाचे खटले चालवण्याची यंत्रणा आणि अधिकाऱ्यांना संरक्षण या गोष्टी ज्या दस्तऐवजाने मिळाल्या त्याच्यावर एकाही लोकप्रतिनिधीने मत दिले नव्हते. विठ्ठलभाईंनी एप्रिलमध्येच अध्यक्षपदाचा राजीनामा दिला होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे लष्करी कायद्याची व्याप्ती आणि या वटहुकुमाचा अर्थ यांवर पूर्णपीठाने विचार केला, पण तोवर शिक्षा भोगणारे भोगत होते.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ या वृत्तपत्राचे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्यावरील पोलीस हत्येचा खटला सामान्य न्यायालयात चालला, वटहुकुमाखाली नव्हे. हा फरक नोंदवणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य आहे, कारण लोकस्मृतीत मार्शल लॉ आणि या फाशी एकरूप झाल्या आहेत. त्या चौघांवरचा अन्याय त्यामुळे उणावत नाही. लाहोर आणि सोलापूर, तिसरा आणि चौथा वटहुकूम, दोन आठवड्यांच्या अंतराने निघाले, आणि देशातल्या एका पिढीने त्यातून ओळखले की कायदा करण्याची सत्ता एका सहीत साठवली गेली म्हणजे काय होते.

या ओळखीचा परिणाम पुढच्या घटनेत दिसला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, पण गव्हर्नरकडे विशेष जबाबदाऱ्या, स्वतःच्या विवेकाने वापरायचे अधिकार आणि विधेयकाला अनुमती देणे, ती नाकारणे, विधेयक परत पाठवणे किंवा राखून ठेवणे हे चारही मार्ग शिल्लक ठेवले. १९३७ च्या निवडणुका जिंकूनही काँग्रेसने या अधिकारांच्या वापराबद्दल आश्वासन मिळेपर्यंत सत्ता स्वीकारली नाही, म्हणून मुंबई प्रांतात साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ काही महिने चालले आणि व्हॉइसरॉय लिनलिथगो यांच्या जूनमधील निवेदनानंतर जुलैत बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. लेखी अधिकार तसाच राहिला, फक्त तो ऊठसूट वापरला जाणार नाही एवढी समजूत झाली. १९३९ च्या राजीनाम्यांनंतर गव्हर्नरची एकहाती राजवट आली तेव्हा समजुतीची किंमत कळली.

संविधान सभेत बसलेल्या माणसांना हे सर्व आठवत होते. मसुद्याच्या ९१ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतीपुढे दोन मार्ग ठेवले होते: अनुमती देणे किंवा ती रोखून ठेवणे, त्यासोबत परंतुकात, अर्थविधेयक सोडून इतर कोणतेही विधेयक सहा आठवड्यांच्या आत पुनर्विचारासाठी संसदेकडे परत पाठवण्याची मुभा होती. संसदेने ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय पुन्हा संमत केले की राष्ट्रपतीला अनुमती रोखता येणार नव्हती. येथे अमेरिकेचे दोन-तृतीयांश नाही. साध्या बहुमताने राष्ट्रपतीचा आक्षेप मोडता येतो. संसदीय पद्धतीत ते स्वाभाविकच आहे, कारण ज्या बहुमताने मंत्रिमंडळ टिकते तेच बहुमत विधेयक संमत करते आणि राष्ट्रपती त्याच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. व्हॉइसरॉयचे प्रमाणन घटनेत उरले नाही. वटहुकूम उरला, पण तो संसदेच्या पुढच्या अधिवेशनात मांडावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे आयुष्य संपते. सोलापूरने १९३० मध्ये जे भोगले त्याचे एक उत्तर या एका तरतुदीत आहे.

२० मे १९४९ रोजी हा अनुच्छेद चर्चेस आला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी परंतुकातील सहा आठवड्यांची मुदत काढून त्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ अशा अर्थाचे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. राष्ट्रपतीने विधेयक दीड महिना अडवून धरण्याचे कारण नाही, ते त्याहून लवकर परत जावे, असा या बदलाचा रोख दिसतो. मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले हरि विष्णू कामत यांनी मात्र तीव्र आक्षेप घेतला. भारतीय सनदी सेवेचा राजीनामा देऊन स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या या माणसाने सरकारी कचेरीतील विलंब आतून पाहिलेला होता. घटनेच्या मजकुरात निश्चित मुदत असावी, संदिग्ध शब्दांमुळे सर्व काही राष्ट्रपतीच्या मर्जीवर राहील, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहाने आंबेडकरांची दुरुस्ती स्वीकारली आणि मसुद्यातला ९१ वा अनुच्छेद अंतिम घटनेत १११ वा झाला. पुढच्या पाऊणशे वर्षांचा अनुभव पाहता कामतांचा आक्षेप त्या दिवशीच्या सभागृहाला वाटला त्यापेक्षा कितीतरी अधिक वजनाचा होता, असे म्हणणे भाग आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो म्हणून मुदतीची गरज नाही, ही भूमिका केंद्रीय विधेयकांपुरती बऱ्याच अंशी खरी ठरते. पण राज्यांच्या विधेयकांबाबत तीच भूमिका उलटते, कारण तेथे राष्ट्रपतीला सल्ला देणारे मंत्रिमंडळ वेगळे आणि विधेयक संमत करणारे सभागृह वेगळे असते.

घटना लागू होण्याच्या उंबरठ्यावर सोलापूर पुन्हा वटहुकुमाचे शहर झाले. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची जुनी मिल, १९४९ च्या ऑगस्टात बंद पडली आणि हजारो कामगारांच्या चुली विझल्या. गैरव्यवस्थापनामुळे आवश्यक वस्तूचे उत्पादन थांबले आणि मोठी बेकारी ओढवली, असे कारण देऊन जानेवारी १९५० मध्ये एकाच कंपनीसाठी स्वतंत्र वटहुकूम निघाला. संचालक मंडळ दूर करून सरकारने आपले संचालक नेमले. हाही एका सहीचा कायदा होता, पण काही महिन्यांतच नव्या संसदेने त्याचे अधिनियमात रूपांतर केले आणि १९३० च्या वटहुकुमाला जे कधी लाभले नव्हते ते लोकप्रतिनिधींचे मत त्याला लाभले.

संसदेचे मत मिळाले म्हणून वाद मिटला नाही, कारण नव्या घटनेत नकाराचा अधिकार आणखी एका ठिकाणी ठेवला होता: न्यायालयात. कंपनीच्या एका भागधारकाने, चिरंजितलाल चौधरी यांनी, कायद्याला दिलेले आव्हान ४ डिसेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. एकाच कंपनीसाठी केलेला कायदाही समानतेच्या हक्काचा भंग करतोच असे नाही, हे तत्त्व या निकालाने रुजवले. सरकारी संचालकांनी मग अर्धवट भरलेल्या अग्रहक्क भागांवरचे उरलेले पैसे मागवले. द्वारकादास श्रीनिवास यांनी ते देण्यास नकार दिला, मुंबई उच्च न्यायालयात ते हरले, पण १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देत भरपाईवाचून कंपनीचा ताबा घेणारा कायदा घटनाबाह्य ठरवला. संसदेने त्यावर दिलेले उत्तर १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती हे होते. सार्वजनिक हितासाठी किंवा मालमत्तेच्या योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित काळापुरता तिचा कारभार हाती घेणाऱ्या कायद्यांना ३१-अ या अनुच्छेदात संरक्षण मिळाले, आणि ते कलम लिहिताना सोलापूरची मिल डोळ्यांपुढे होती यात शंका नाही. न्यायालयाचा नकार मोडण्यासाठी संसदेला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागली. अमेरिकेने राष्ट्राध्यक्षाच्या नकारासाठी ठेवलेला तो आकडा भारतात घटनादुरुस्तीसाठी ठेवला गेला आहे.

राष्ट्रपतीच्या नकाराची कसोटी याच काळात लागली. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड विधेयक संसदेत अडखळत असताना डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून या विधेयकाच्या गुणावगुणांवर स्वतःच्या निर्णयाने वागण्याचा इरादा कळवला. नेहरूंनी ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा अभिप्राय घेतला. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे, असे दोघांनीही सांगितले. विधेयक रेंगाळले म्हणून त्याच महिन्याच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले, पण पुढे हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आणि उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये संमत झाला तेव्हा दोन्हींवर राजेंद्रप्रसादांचीच सही झाली. त्या सहीने जो पायंडा पडला तो घटनेच्या एखाद्या अनुच्छेदाइतकाच मोलाचा आहे.

परत पाठवण्याचा अधिकार केंद्रात क्वचितच वापरला गेला. सर्वांत ठळक प्रसंग २००६ चा: लाभाच्या पदांसंबंधीचे विधेयक डॉ. अब्दुल कलाम यांनी मे महिन्यात परत पाठवले, संसदेने पावसाळी अधिवेशनात ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले आणि ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. आक्षेप नोंदला गेला, सभागृहाने विचार केला, शेवटचा शब्द सभागृहाचा राहिला. घटनाकारांनी आखलेला मार्ग त्या वर्षी शेवटपर्यंत चालून दाखवला गेला. उलट, टपाल अडवून वाचण्याचा अधिकार सरकारला देणारे १९८६ चे विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी ना परत पाठवले, ना सही केले. दहा दिवसांची मुदत नसल्याने अमेरिकेतील खिशापेक्षा भारतातील खिसा खोल ठरला. ते विधेयक घातक होते आणि राष्ट्रपतींच्या मौनाने नागरिकांचे भले झाले, हे मान्य करूनही उपाय चुकीचा होता असेच म्हणावे लागेल. परत पाठवले असते तर संसदेला उघड्यावर उत्तर द्यावे लागले असते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या मौनाचा अनुभव अधिक घेतला आहे. समवर्ती सूचीतील विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राज्यपाल तो राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवतात. इतर विषयांवरील विधेयकेही राखता येतात. अशा अधिनियमाच्या छापील प्रतीच्या माथ्यावर, राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यानंतर शासन राजपत्रात तो कोणत्या तारखेस प्रथम प्रसिद्ध झाला, याची एक ओळ असते. त्या ओळीतली तारीख आणि सभागृहात मत पडल्याची तारीख शेजारी ठेवून पाहिल्यास बरेच काही कळते. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याला, मोक्का म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अधिनियमाला, अनुमती मिळून तो २४ एप्रिल १९९९ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला, म्हणजे त्याआधीच्या फेब्रुवारीतील वटहुकुमानंतर अवघ्या दोन महिन्यांत. महाराष्ट्र प्राणी रक्षण सुधारणा विधेयक विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केले, जानेवारी १९९६ मध्ये ते राष्ट्रपतींकडे गेले आणि त्यावर सही झाली फेब्रुवारी २०१५ मध्ये. या काळात शंकर दयाळ शर्मा यांच्यापासून प्रणव मुखर्जींपर्यंत पाच राष्ट्रपती झाले, त्यांत महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटीलही होत्या. ज्या सभागृहाने मत दिले होते ते विसर्जित होऊन त्यानंतर चार विधानसभा निवडून आल्या. त्या कायद्याच्या आशयाबद्दल तीव्र मतभेद आहेत आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्दही केली, पण तो कायदा हवा असणाऱ्यांना आणि नको असणाऱ्यांना एक गोष्ट सारखीच लागू होती: १९९५ च्या आमदारांचे मत २०१५ च्या महाराष्ट्रावर बंधनकारक झाले आणि मधल्या विधानसभांपैकी एकीलाही त्यावर उत्तर मिळाले नाही.

महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने त्यावर काम केले आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते एकमताने संमत झाले. दिल्लीत त्यावर आक्षेप आणि खुलासे यांची देवाणघेवाण चालू असतानाच १ जुलै २०२४ पासून नवे केंद्रीय फौजदारी कायदे लागू झाले, ज्या भारतीय दंड संहितेत ते दुरुस्त्या करू पाहत होते तीच उरली नाही, आणि विधेयक कायदा न होताच संपले. येथे २०१ व्या अनुच्छेदातील एक विषमता डोळ्यांत भरते. राष्ट्रपतींनी राज्याचे विधेयक परत पाठवले तर विधिमंडळाने सहा महिन्यांच्या आत फेरविचार करावा, अशी मुदत त्यात घातली आहे. राष्ट्रपतींना मात्र मुदत नाही, आणि विधिमंडळाने पुन्हा संमत केलेल्या विधेयकावर सही करण्याचे बंधनही नाही. संसदेला राष्ट्रपतींचा नकार मोडता येतो, महाराष्ट्राच्या विधानसभेला तो मोडता येत नाही.

हा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा आला. ८ एप्रिल रोजी तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपालांनी अडवलेली दहा विधेयके अनुमती मिळालेली मानली आणि राष्ट्रपतींसाठीही तीन महिन्यांची मुदत आखून दिली. मे महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी चौदा प्रश्न न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठवले, आणि अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २० नोव्हेंबर रोजी सांगितले की राज्यपालांनी विधेयक कारणाशिवाय अनिश्चित काळ अडवून ठेवू नये आणि तसे घडल्यास निर्णय घ्या एवढाच मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकते, पण घटनेत नसलेली मुदत न्यायालयाला घालता येणार नाही आणि अनुमती मिळाल्याचे मानूनही चालणार नाही. मुदत घालायची असेल तर ती घटनादुरुस्तीनेच घालावी लागेल. ती दुरुस्ती करणे संसदेच्या हाती आहे: १११, २०० आणि २०१ हे अनुच्छेद निम्म्या राज्यांच्या मान्यतेची अट असलेल्या यादीत येत नाहीत, त्यामुळे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांची दोन-तृतीयांश मते पुरेशी आहेत. आणि १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीनंतर घटनादुरुस्ती विधेयक हा एकच प्रकार असा उरला आहे की ज्याला राष्ट्रपतींनी पहिल्याच वेळी अनुमती देणे अनिवार्य आहे. ते नाकारता येत नाही, परतही पाठवता येत नाही. कामतांना हव्या असलेल्या सहा आठवड्यांच्या मुदतीचे विधेयक संसदेने संमत केले, तर त्यावर सही होणे घटनेनेच ठरवून ठेवलेले आहे.